सदतीस दिवस : इतिहासाच्या शिक्षकांना खुले पत्र

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत इतिहास शिकवणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांस,

सप्रेम नमस्कार.

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि महिना संपायच्या आत २८ जून येतो. १९१४ साली या दिवशी साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या गेल्या. १९१९ साली याच दिवशी व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मनीने तहावर सही केली. पहिल्या महायुद्धाचा पाठ तुमच्या वार्षिक नियोजनात कुठेही बसवलेला असो, तुम्हाला पत्र लिहायला हा मुहूर्त बरा वाटला.

मी शिक्षक नाही. न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो. आता शेजारपाजारची मुले अभ्यास घेऊन येतात. पहिले महायुद्ध का झाले असे विचारले की बहुतेक मुले एका दमात सांगतात : साम्राज्यवाद, लष्करवाद, उग्र राष्ट्रवाद, गुप्त तह, आणि तात्कालिक कारण साराजेव्होचा खून. उत्तर बरोबर आहे, गुणही पूर्ण मिळतात. पण ‘मग युद्ध सुरू कोणी केले?’ असा पुढचा प्रश्न टाकला की मुले एकमेकांकडे पाहतात. पाठ केलेल्या उत्तरात एकही माणूस नसतो. माझी सगळी नोकरी दप्तरात गेली, पण आरोपीच्या रकान्यात ‘परिस्थिती’ असे लिहिलेले आरोपपत्र माझ्या टेबलावर कधी आले नाही.

माझी मागणी एवढीच की २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ हे सदतीस दिवस वर्गात तारीखवार शिकवा.

खुनापासून सुरुवात करायला हरकत नाही, ती गोष्ट मुले कान टवकारून ऐकतात. सकाळी नेदेल्को चाब्रिनोविचने फेकलेला बॉम्ब युवराजाला लागलाच नाही, मागच्या गाडीपाशी फुटला. त्यातल्या जखमीला भेटायला युवराज पुन्हा निघाला, लॅटिन पुलाजवळ चालकाने चुकीचे वळण घेतले, गाडी थांबवली, आणि नेमका तिथे एकोणीस वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. मात्र एवढे सांगून लगेच ‘आणि महायुद्धाचा भडका उडाला’ या वाक्यावर येऊ नका. त्या रात्री भडका उडाला नाही, त्या आठवड्यातही नाही. राजघराण्यातले खून युरोपला नवे नव्हते. ऑस्ट्रियाचीच सम्राज्ञी एलिझाबेथ १८९८ मध्ये जिनिव्हात मारली गेली, इटलीचा राजा १९०० मध्ये, पोर्तुगालचा १९०८ मध्ये. त्यातल्या एकाही खुनापायी खंडभर फौजा हलल्या नाहीत. १९१४ मध्ये हलल्या, कारण काही माणसांनी काही दिवशी काही ठरवले.

५ जुलैला ऑस्ट्रियाचा माणूस बर्लिनला पोहोचला. सर्बियाचा काय तो निकाल लावा, आम्ही पाठीशी आहोत, असा शब्द जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मने त्याच दिवशी दिला आणि दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेटमान होल्वेगने त्यावर शिक्कामोर्तब केले. हाच तो प्रसिद्ध ‘कोरा चेक’. चेक देऊन कैसर ६ जुलैला नेहमीप्रमाणे नॉर्वेच्या सागरसफरीला निघून गेला. व्हिएन्नात तरी सगळ्यांचे एकमत होते का? नव्हते. हंगेरीचा पंतप्रधान तिसा १४ जुलैपर्यंत अडून बसला होता. त्याने मान डोलावल्यावरही थांबावे लागले. त्याची कारणे मुलांना जरूर सांगा, शेतकऱ्यांच्या मुलांना तर आधी सांगा. ऑस्ट्रियाचे पुष्कळ सैनिक सुगीच्या रजेवर घरी गेले होते. त्यांना कापणीतून उठवून आणले तर पीकही जाणार आणि बेतही फुटणार. शिवाय फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वँकारे २३ जुलैपर्यंत रशियात झारचे पाहुणे होते. ते तिथे असताना सर्बियाला अटींचा निर्वाणीचा खलिता गेला असता तर रशिया आणि फ्रान्स एका टेबलाशी बसून उत्तर ठरवू शकले असते. म्हणून प्वँकारे परतीच्या बोटीत बसण्याच्या वेळेचा हिशेब करून, २३ जुलैला संध्याकाळी ६ वाजता, ४८ तासांच्या मुदतीचा खलिता सर्बियाच्या हाती ठेवला गेला. खून होऊन तोवर पंचवीस दिवस उलटले होते. रागाच्या भरात झाले, असे म्हणायला जागा नाही.

सर्बियाने २५ जुलैला जवळजवळ सगळ्या अटी मान्य केल्या. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियात येऊन तपासात भाग घ्यावा, ही अट तेवढी नाकारली. सफरीवरून परतलेल्या कैसरने ते उत्तर २८ जुलैला सकाळी वाचले आणि आता युद्धाचे कारणच उरले नाही, असा शेरा त्यावर स्वतःच्या हाताने मारला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले, तेही तारेने. ज्याने चेक दिला तो चेक परत घ्यावा म्हणत होता आणि तोवर तो वटवला गेला होता.

इथून पुढचा आठवडा दिवसांचा नाही, तासांचा आहे. २९ जुलैला झार निकोलसने सर्व सैन्य जमवण्याच्या हुकमावर सही केली. रात्री कैसरची तार आली तसा तो मागे घेतला. ३० तारखेला मंत्री आणि सेनापती मागे लागल्यावर पुन्हा दिला. कैसर आणि झार एकमेकांचे नातलग, तारांखाली ‘विली’ आणि ‘निकी’ अशा घरगुती सह्या करायचे. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. त्याच दिवशी लंडनमधल्या जर्मन राजदूताच्या तारेवरून असा समज झाला की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन बाजूला राहील. कैसर खूश झाला आणि म्हणाला, मग सगळी फौज पूर्वेलाच वळवू. सरसेनापती मोल्टकेने सांगितले की ते होणे नाही. लाखोंच्या फौजेच्या आगगाड्यांचे वेळापत्रक वर्षभर खपून बसवलेले होते आणि त्यात पहिला घाव फ्रान्सवरच होता. थोड्या वेळात तो समजही चुकीचा ठरला. ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध, ४ ऑगस्टला बेल्जियममध्ये जर्मन फौजा, आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहावर बोट ठेवून त्याच दिवशी ब्रिटनही उतरले.

प्रत्येक तारखेपाशी थांबून मुलांना विचारा : इथे ‘नाही’ कोण म्हणू शकत होता? तिसा म्हणत होता. कैसर म्हणू शकत होता, एकदा म्हणालाही, पण उशिरा. झार एका रात्रीपुरता म्हणाला. लंडनने आपण काय करणार ते आधी स्वच्छ सांगितले असते तर? या प्रश्नांना गाइडमध्ये उत्तर नाही, आणि म्हणूनच वर्गात वाद रंगेल. इतिहासकारही शंभर वर्षे यावर भांडत आले आहेत. जर्मनीतच १९६० च्या दशकात यावरून मोठे वादंग झाले. माझे मत विचाराल तर पहिला दोष व्हिएन्नाचा, त्याच्या बरोबरीने बर्लिनचा, मग पीटर्सबर्गचा, म्हणजे रशियाचा, आणि लंडन-पॅरिसचा पुष्कळच कमी. तुमचे वेगळे असेल. मुलांचे वेगळे असावे.

गुप्त तहांबद्दल एक शंका. ‘तहांच्या जाळ्याने सगळ्यांना ओढले’ हे वाक्य फार सरळ आहे. इटली १८८२ पासून जर्मनी-ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात होता. १९१४ मध्ये तो तटस्थ राहिला आणि मे १९१५ मध्ये चक्क विरुद्ध बाजूने ऑस्ट्रियावर चालून गेला. रुमानियाचाही त्या गटाशी गुप्त तह होता, तोही १९१६ मध्ये पलीकडे गेला. तह होता म्हणून कोणी आपोआप लढले नाही. ज्याला लढायचे होते त्याने तह पुढे केला, ज्याला नव्हते त्याने पळवाट काढली. हेच तह आणि हाच लष्करवाद १९०८ च्या बोस्निया प्रकरणात होते, १९११ च्या मोरोक्को प्रकरणात होते, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही होते. तेव्हा महायुद्ध टळले. मग १९१४ मध्ये वेगळे काय झाले, हा खरा पाच गुणांचा प्रश्न.

युद्धाच्या वाटचालीबद्दल थोडक्यात लिहितो. मार्न, व्हेर्दाँ, सोम, खंदक, विषारी वायू, पाणबुड्या, १९१७ ची रशियन क्रांती, अमेरिकेचा प्रवेश हे सगळे पुस्तकात आहे आणि तुम्ही ते शिकवता. ९० लाखांहून अधिक सैनिक मेले. माझे म्हणणे आपल्या बाजूच्या वाटचालीबद्दल आहे.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटन युद्धात उतरले आणि त्याबरोबर हिंदुस्थानही. व्हाइसरॉय हार्डिंगने जाहीर केले, संपले. एकाही हिंदी माणसाला विचारले नाही. सदतीस दिवसांच्या त्या यादीत ‘नाही’ म्हणू शकणाऱ्यांमध्ये आपले नावच नव्हते, आणि माणसे मात्र १३ लाखांहून अधिक गेली. फ्रान्समधल्या थंडीत गेली, पूर्व आफ्रिकेत गेली, गॅलिपोलीला गेली. पण सर्वांत जास्त गेली ती मेसोपोटेमियात, म्हणजे तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेल्या आजच्या इराकमध्ये. तिथे गेलेल्यांची संख्या जवळजवळ ५ लाख ९० हजार आहे, आणि त्यातले निम्मे बंदूक न धरणारे होते : भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, आचारी, झाडूवाले.

या मोहिमेला आपल्याकडे वर्गात एक ओळ मिळते. तिला एक पूर्ण तास द्या. ती सुरूच आपल्या दारातून झाली. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून फौज निघाली आणि ६ नोव्हेंबरला शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे उतरली. जवळच आबादानला तेलशुद्धीकरणाचा कारखाना होता आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने तो चालवणाऱ्या कंपनीचे ५१ टक्के भाग घेतले होते. बसरा नोव्हेंबरातच पडले. काम तेवढेच होते. पण यश सोपे मिळाले, तसे अधिकाऱ्यांना बगदादचे डोहाळे लागले. वर चढत जाण्याचे काम जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनवर आले. या डिव्हिजनचे नाव होते ‘पुणे डिव्हिजन’. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या सैनिकांच्या, कंपन्या होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसे तैग्रिस नदीच्या काठाने पुढे सरकत होती आणि मागे रसद आणायला पुरेशा बोटीही नव्हत्या.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली आणि तिथे पुणे डिव्हिजनचे कंबरडे मोडले. जखमींचे जे झाले ते मुलांना सांगताना तुमचा आवाज बदलेल. बैलगाड्यांसारख्या बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून आणि उघड्या बोटींतून त्यांना खाली आणले. बसऱ्याला मेडजिडी नावाची बोट लागली तेव्हा इस्पितळ-जहाजावरचे डॉक्टर मेजर कार्टर यांना बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत असे वाटले. जवळ आल्यावर कळले की ती वाळलेली विष्ठा आहे. उठता न येणारी माणसे दिवसच्या दिवस तशीच पडून होती. कार्टरनी तक्रार केली तर वरिष्ठांनी त्यांनाच दटावले. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला. या युद्धात इतक्या वरच्या माणसाने जबाबदारी घेतल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणून हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे.

टाउनशेंड मागे हटून तैग्रिसकाठच्या कुत गावाला आला आणि ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडला. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे कापायला लागले. हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस नाकारले. धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवले गेले, तरी पुष्कळांनी फार उशिरापर्यंत तोंड लावले नाही. हिंदी तळात स्कर्व्ही पसरली आणि गोऱ्यांच्या तळात बेरीबेरी. एकाच वेढ्यात दोन वेगळे आजार का, हा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकांकडेही पाठवता येईल. विमानांतून पिठाची पोती टाकली, ती पुरली नाहीत. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. शेवटी तुर्कांना आधी दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ करून पाहिले, तेही त्यांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले, पुढे रेल्वेच्या कामावर जुंपले आणि हजारो वाटेत किंवा छावणीत मेले.

याच नोव्हेंबरातली दुसरी तारीख शेजारी ठेवा. टेसिफॉनच्या सहा दिवस आधी, १६ नोव्हेंबर १९१५ ला, लाहोरच्या तुरुंगात विष्णू गणेश पिंगळे फासावर गेले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचा हा तरुण अमेरिकेत शिकायला गेला होता, तिथल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षात शिरला, युद्ध सुरू झाल्यावर परत आला आणि मेरठच्या छावणीत घोडदळाच्या वस्तीत बॉम्बसह पकडला गेला. इंग्रजांच्या शिपायांना फितवायला निघालेला तळेगावचा मुलगा आणि इंग्रजांसाठी तैग्रिसवर लढणारी साताऱ्याची मुले. दोघांपैकी एकालाच देशभक्त म्हणा, असे वर्गावर लादू नका. कोरडवाहू रान, घरातली तोंडे आणि महिन्याचा पगार यांचा हिशेब मुलांना आपसूक कळतो.

टिळकांचेही सरळ नव्हते. जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटलेला हा माणूस ऑगस्टमध्ये सरकारला सहकार्य जाहीर करतो, एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग काढतो, आणि जून १९१८ च्या मुंबईतल्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने बोलणे तोडले तेव्हा उठून बाहेर पडतो. सैनिक देतो, पण बदल्यात स्वराज्य काय देता ते बोला, असा तो व्यवहार होता. महार समाजाचा व्यवहार आणखी वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते ‘लढाऊ जमातीं’त बसत नाहीत या सबबीखाली त्यांची भरती बंद झाली होती, त्याविरुद्ध वर्षानुवर्षे अर्ज चालले होते. गरज पडली तशी १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली. गरज संपली तशी १९२१ मध्ये मोडली. आणि १९१७ मध्येच शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा टाकून निघालेल्या आंबेडकरांनी पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली.

आता घरी राहिलेल्यांबद्दल. युद्धात चांदीचा तुटवडा झाला म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट निघाली, आणि पुढच्याच वर्षी अडीच रुपयांची. ही अडीच रुपयांची नोट कुठे चित्रात तरी मिळाली तर वर्गात दाखवा, बाकी काही शिकवावे लागणार नाही. धान्य आणि कापड महागले, गिरणीमालकांचे नफे वाढले, आणि जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखाहून जास्त गिरणी कामगारांनी संप केला. मुंबईतल्या नव्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, तेव्हा पुतळे नव्हते, जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. सहल नाहीतरी तिथे जातेच.

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर इन्फ्लुएंझाची साथ उतरली. सैनिकांच्या बोटींबरोबर आली, गोदीवरचे पोलीस शिपाई आधी आजारी पडले आणि मग शहर. पावसाळ्यानंतर दुसरी लाट आली ती आगगाडीने गावोगाव पोहोचली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. रणांगणावर आणि छावण्यांत मेलेल्या हिंदी सैनिकांचा आकडा सुमारे ७४ हजार सांगतात. इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात मेलेल्यांचे अंदाज सव्वा ते दोन कोटींच्या घरात जातात. भूगोलाचे शिक्षक लोकसंख्येच्या पाठात १९२१ ला ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात, कारण त्याआधीच्या दशकात आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. एकाच शाळेत, कधी एकाच दिवशी, इतिहासाच्या तासाला युद्ध आणि भूगोलाच्या तासाला ती घट शिकवली जाते, आणि दोन्हींतला धागा मुलांना कोणीच दाखवत नाही.

तहाकडे वळतो. व्हर्साय शिकवताना ‘जर्मनीवर अपमानास्पद अटी लादल्या, त्यातून हिटलर आणि दुसरे महायुद्ध’ अशी सरळ रेघ ओढली जाते. रेघ पूर्ण खोटी नाही. युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारे कलम २३१, १९२१ मध्ये ठरलेली १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई, हिरावलेला मुलूख यांचा राग होताच. पण आकडे पाहा. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते होती. तह होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती, १९२३ ची भयानक चलनवाढही मागे पडली होती. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के. मधे काय घडले? १९२९ ची मंदी आणि लाखोंची बेकारी. आणि ३७ टक्क्यांनी बहुमत होत नाही. जानेवारी १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सेलर नेमणारे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग आणि त्यांना तसा सल्ला देणारे पापेन यांनी ते ठरवून केले. इथेही सदतीस दिवसांसारखेच, ‘नाही’ म्हणू शकणारी माणसे होती. शिवाय जर्मनीनेच मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्हस्कला रशियाकडून काय काय ओरबाडून घेतले होते, ते सांगितल्याशिवाय व्हर्सायचा कडकपणा मोजता येत नाही.

व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या नावानेही सह्या आहेत : भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह. देश राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये रौलट कायदा, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचे कलम घालायचा ठराव आणला. १७ पैकी ११ मते बाजूने पडली, तरी एकमत नाही म्हणून अध्यक्ष विल्सन यांनी तो फेटाळला. ‘लोकशाहीसाठी जग सुरक्षित करण्याचे युद्ध’ हे विल्सन यांचे वाक्य शिकवता, त्याच्या खाली हा ठराव लिहा.

आणि इराक. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले तेव्हा जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आमच्या फौजा जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आल्या आहेत. त्याआधीच, मे १९१६ मध्ये, ब्रिटन आणि फ्रान्सने साइक्स-पिको करारात तो मुलूख आपसांत वाटून घेतला होता. एप्रिल १९२० मध्ये इराक ब्रिटनच्या ताब्यात ‘मँडेट’ म्हणून, म्हणजे राष्ट्रसंघाच्या वतीने कारभार पाहण्यासाठी, आला, उन्हाळ्यात तिथे उठाव झाला, आणि तो मोडायला आणलेल्या फौजेत बहुसंख्य पुन्हा हिंदी होते. मुलांनी बातम्यांत आज ऐकलेली इराक, सीरिया, पॅलेस्टाइन ही नावे याच हिशेबातून आली आहेत.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याजवळ आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीच्या नावाखाली ‘आणि आणखी इतके हिंदी सैनिक’ असा आकडा कोरला आहे. नावे नोंदवहीत होती. दगडावर घेतली नाहीत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली.

तोच प्रकार आपल्या वेशीतही आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या कित्येक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली दिसते : या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावल्याचे सांगतात. कोकणातले खलाशीही विसरू नका, मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर आज शोध घेता येतो, आणि पुष्कळ नोंदींत शिपायाच्या वडिलांचे नाव आणि गावही सापडते. स्पेलिंग इंग्रजी कारकुनाने कानावर पडेल तसे केलेले असते, म्हणून एकच गाव चार तऱ्हांनी लिहून पाहावे लागते. मुलांना हे काम आवडेल, आणि माझ्यापेक्षा ती ते झटपट करतील.

वेळ कुठे आहे, असे तुम्ही म्हणाल. परीक्षा, निवडणूक ड्यूटी, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे हे मला माहीत आहे. म्हणून पाठ वाढवा असे म्हणत नाही. पश्चिम आघाडीवरच्या लढायांची सनावळी कापा, टीपा द्या असल्या एका प्रश्नाला सुट्टी द्या. त्या जागी सदतीस दिवसांना एक तास, कुतला एक तास. गावात पाटी असेल तर एका शनिवारी सकाळच्या शाळेतून मुलांना तिथे न्या, धुळीने भरली असेल तर आधी पुसा. पाटी बहुधा इंग्रजीत असेल, तेव्हा इंग्रजीच्या बाईंनाही बरोबर घ्या. घटक चाचणीत एकच प्रश्न घाला : २३ जुलै १९१४ ला तुम्ही व्हिएन्नात मंत्री असता तर खलिता पाठवला असता का, आणि का? मुलांच्या उत्तरपत्रिका वाचायला मिळाल्या तर मला आवडेल.

आपला,
न्यायालयातून निवृत्त झालेला एक वाचक
सातारा